काउंटीच्या ऑफिसातून, दत्ताला

आयोवा,
जुलै

प्रिय दत्ता,

"तिकडच्या शेतकऱ्याला सरकार फुकट पैसे देतं म्हणे, खरं का?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी विषय बदलला. खरं सांगू, मलाच तेव्हा नीट माहीत नव्हतं.

मागच्या आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला (मनातल्या मनात मी त्यांना आबाच म्हणतो) काउंटीच्या शेती ऑफिसात सोडायला गेलो. काउंटी म्हणजे आपला तालुका समज. मका किती, सोयाबीन किती पेरलं, हे १५ जुलैच्या आत लिहून द्यावं लागतं. म्हणजे ई-पीक पाहणीच की! फक्त बांधावर मोबाइल उंच धरून रेंज शोधावी लागत नाही. काउंटरवरच्या बाईंनी वरून काढलेला शेताचा फोटो पसरला. आबांनी थरथरत्या बोटानं ओढ्याकाठचा एक तुकडा दाखवला. तो पडीक ठेवलाय, आणि पडीक ठेवल्याचं सरकार दरवर्षी भाडं देतं! दहा-पंधरा वर्षांचा करार असतो, माती वाहून जाऊ नये म्हणून. १९८५ च्या कायद्यापासून चालू आहे हे. मला आपला गावचा माळ आठवला, तो तर फुकटच पडीक आहे.

पण मुख्य मदत चालते ती जुन्या कागदावर. कुठल्या रानात पूर्वी काय पिकायचं याची नोंद असते, तिला 'बेस एकर' म्हणतात. भाव ठरलेल्या पातळीच्या खाली गेला की त्या नोंदीतल्या ८५ टक्के एकरांवर पैसे मिळतात. कागदावर मका, रानात सोयाबीन, तरी पैसे मक्याचे! तेही पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडल्यावर.

२०१८ ची गंमत ऐक. चीननं अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के जादा कर लावला, भाव कोसळला. सरकारनं भरपाई दिली: सोयाबीनला बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट आणि मक्याला एक सेंट. मक्याचं बुशेल म्हणजे पंचवीस किलो. "त्या सेंटापेक्षा ऑफिसात जायचं पेट्रोल जास्त झालं," आबा अजून सांगतात. पुढच्या वर्षी दर काउंटीवर ठरला, एकरी १५ ते १५० डॉलर. रस्त्याच्या अलीकडं एक दर, पलीकडं दुसरा. आपल्याकडं महसूल मंडळ बदललं की विम्याचं होतं तसंच.

आबांचं निम्मं रान ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या भाड्यानं घेतलेलं आहे, मालकीण ॲरिझोनात. रोख ठोका असेल तर मदत कसणाऱ्यालाच, असा इथला नियम. मी म्हटलं, वा! आबा म्हणाले, "मदत माझ्याकडं येते आणि मग बाईंचं पत्र येतं, ठोका वाढवलाय म्हणून."

परत येताना गाडीत तुझंच डोक्यात होतं. पाच एकर तू कसतोस, सातबारा पुण्यातल्या मालकाचा. पीएम-किसानचे ६,००० त्यांना, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० त्यांना. मागच्या सप्टेंबरात वावरात गुडघाभर पाणी साचलं तेव्हा सोयाबीनच्या कुजलेल्या शेंगा उपसत होतास तू, आणि अतिवृष्टीचं अनुदान गेलं त्यांच्या खात्यात. त्यांनी त्यातलं तुला काही दिलं का, हे विचारायचं माझं धाडस झालं नव्हतं. आज विचारतो.

यंदा ठोक्याचा कागद करून घेतलास का? विमा तरी तुझ्या नावानं निघेल. मालक सही करत नसतील तर मला कळव, त्यांच्या मुलाशी माझी ओळख आहे. आणि उगवण कशी आहे ते लिही. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या