बंड्या, एसएसडी बसवण्याआधी हे वाच

पुणे, रविवार

प्रिय बंड्या,

परवा फोनवर एसएसडीबद्दल (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली चिपांची डिस्क) अर्धं सांगून झालं आणि तुझ्या पत्रिका-फ्लेक्सच्या दुकानात गिऱ्हाईक आलं. उरलेलं तू विसरणार हे ठाऊक आहे, म्हणून लिहूनच पाठवतो.

आधी माझी फजिती. गेल्या वर्षी घरच्या डेस्कटॉपला ५०० जीबीची एसएसडी लावली. जुनी हार्ड डिस्क तशीच जोडलेली ठेवून नवीवर विंडोज टाकलं. संगणक असा चटकन उघडायला लागला की बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. दोन महिन्यांनी जुनी डिस्क काढली, तर काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा निरोप! विंडोज नव्या डिस्कवर होतं, पण संगणक सुरू व्हायला जो चिमुकला भाग लागतो, तो इन्स्टॉलरने जुन्या डिस्कवर आयता होता म्हणून तिथलाच वापरला होता. मी राहायला नव्या घरात आणि किल्ली जुन्या घरमालकाकडे. तेव्हा विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल सरळ उपसून ठेव, झाल्यावर परत लाव.

त्याआधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन साटा मोड, म्हणजे संगणक डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय ही नवी आहे ना, ते बघ. तुझं मशीन जुनं आहे, आयडीई या जुन्या पद्धतीवर असू शकेल. विंडोज टाकल्यावर बदलायला गेलास तर बहुतेक निळा पडदा दिसेल.

एसएसडी ४६५ जीबी दाखवेल. दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस. कंपनी शंभर कोटी बाइटांचा एक जीबी धरते, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं.

तुझ्या मदरबोर्डाचे डिस्कची केबल लावायचे पोर्ट ३ जीबीपीएसवाले (सेकंदाला ३ गिगाबिट) निघाले तर वेग सेकंदाला पावणेतीनशे एमबीच्या आसपास अडकेल. ६वाल्यावर साडेपाचशेपर्यंत जातो. पण त्याने तुझं फारसं अडत नाही. हार्ड डिस्कचा काटा योग्य जागी पोचायलाच दहा-पंधरा मिलिसेकंद खातो, एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा वेळ पुरतो. तुझ्याकडे श्रीलिपीचे शेकडो फॉन्ट, म्हणजे शेकडो बारक्या फायली. डिझाइनचं कोरल उघडेपर्यंत तुझा चहा पिऊन व्हायचा, तो त्यामुळेच. आता चहा वेगळा वेळ काढून प्यावा लागेल.

ऑप्टिमायझेशनच्या नावाखाली लोक शंभर सल्ले देतील: पेजफाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) बंद कर, इंडेक्सिंग (फायली शोधायची सूची) बंद कर. एकही ऐकू नकोस. फक्त ट्रिम ही विंडोजची सोय चालू हवी. एसएसडी म्हणजे असा फळा, ज्यावर ओळ ओळ लिहिता येते, पण पुसायचं तर एकदम अख्खा फळा पुसावा लागतो. तू फाइल डिलीट केलीस हे तिला कळलंच नाही, तर ती कचराही जपून इकडून तिकडे हलवत बसते आणि मंदावते. काय टाकून द्यायचं ते ट्रिम सांगतं. विंडोज ७ पासून ही सोय आहे. तपासायची कमांड व्हॉट्सॅपवर पाठवतो, देवनागरीत लिहून काय उपयोग? उत्तर ० आलं की चालू. बाहेरचं डीफ्रॅगचं (फायलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणारं) सॉफ्टवेअर मात्र काढून टाक, आणि दहा-पंधरा टक्के जागा मोकळी राहू दे.

‘लिहून लिहून झिजेल’ ही तुझी भीती सोड. सॅमसंगच्या ५०० जीबीच्या ८७० ईव्होला कंपनीच ३०० टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी) लिखाणाची हमी देते. रोज ४० जीबी लिहिलंस तरी वीस वर्षं. तुझ्या पत्रिका आणि फ्लेक्स मिळून तेवढं होत नाही.

मला भीती वेगळीच आहे. माझी आधीची एक हार्ड डिस्क मेली, तेव्हा आठवडाभर आधी टक-टक करत होती. ती टकटक ऐकून मी बाबांचे फोटो उतरवून घेतले. एसएसडीला आवाजच नाही. पुष्कळदा काल संध्याकाळी ठणठणीत असते आणि आज सकाळी बायोसमध्ये दिसतसुद्धा नाही. म्हणून जुनी डिस्क भंगारात देऊ नकोस. दर शनिवारी दुकान बंद करताना चालू कामं तिच्यावर कॉपी करायची, मग तिला काढून कपाटात ठेवायचं.

बसवायला चार बारीक स्क्रू आणि अडीच इंची पट्टी लागते. एसएसडीच्या खोक्यात ते येतीलच असं नाही. माझ्याकडे पडून आहेत, पुढच्या रविवारी सांगलीला येतोय तेव्हा आणतो. तोवर पेचकस हातात घेऊ नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
राजा