खांदा बसला तरी दुसरा एक्स-रे हवाच

संपादक महोदय,

निखळलेला खांदा बसला की दुखणे एकदम कमी होते आणि घरची मंडळी निर्धास्त होतात. घोटाळा इथेच होतो. खांदा पुढच्या बाजूला निखळताना दंडाच्या हाडाच्या माथ्यावरचा उंचवटा किंवा खांद्याच्या वाटीची पुढची कड फुटू शकते. सांधा जागेवर आला म्हणजे कपचीही आली असे नव्हे.

म्हणून एक्स-रे खांदा बसवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा काढावा. नुसता समोरून काढलेला पुरत नाही, काखेतून घेतलेलाही हवा. दंडाच्या हाडाच्या मानेला, म्हणजे गोल माथ्याखालच्या भागाला, न सरकलेली भेग असेल आणि ती न पाहताच हात ओढला, तर माथ्याचा गोळा मानेपासून सुटतो. हाडवैद्याकडे नेण्यातला खरा धोका हाच.

उंचवट्याचा तुकडा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. गवंडी, रंगारी, कबड्डीपटू यांना ३ मिलिमीटरही जाचतात. तुकड्याला जोडलेला स्नायू त्याला वर आणि मागे ओढतो, मग तुकडा खांद्याच्या वरच्या हाडाखाली अडकतो आणि हात वर जात नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सेंटिमीटरभराची तीन-चार छिद्रे पुरतात. साकळलेले रक्त धुऊन तुकड्याची बैठक खरवडतात. कूर्चेच्या कडेला साधारण दोन अँकर, म्हणजे हाडात रुतणारे दोरे लावलेले छोटे खिळे, बसवून त्यांचे दोरे स्नायूच्या कंडरेतून (हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या टोकातून) ओवतात, तुकड्यावरून खाली आणतात आणि खालच्या दोन अँकरमध्ये ताणून अडकवतात. गाठोडे आवळावे तसा तुकडा दाबून बसतो. लहान तुकड्यात स्क्रू घातला तर त्याच्या चिरफळ्या होतात, म्हणून दोरे. मात्र हाड ठिसूळ असेल तर अँकरच उपटून येतो. तुकडा मोठा असेल तर उघडी शस्त्रक्रिया करून प्लेट किंवा स्क्रू बसवणे कित्येकदा बरे. दुर्बिणीचा हट्ट नको.

वाटीच्या फुटलेल्या कडेचा अंदाज सीटी स्कॅनशिवाय येत नाही. दोन-तीन आठवड्यांनंतर ती कपची भलत्याच जागी चिकटू लागते, पुढे झिजून लहान होते. वाटीचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त गेला, तर नुसत्या टाक्यांचा भरवसा नाही. मग १९५४ मध्ये फ्रान्सच्या लातार्जे यांनी मांडलेल्या पद्धतीने शेजारचे हाड कापून तिथे बसवावे लागते.

शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे हात झोळीत राहतो. बोटे, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवावेत. वजन तीन महिन्यांनंतर. या काळात तेल लावून हात ओढूनताणून चोळला, तर बसवलेला तुकडा पुन्हा सरकतो.

– एक अस्थिशल्यचिकित्सक, कोल्हापूर