मेडिकलवर कात्रीनं कापून मिळणाऱ्या गोळ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहायलोय.

मागच्या महिन्यात आईला लघवीचं इन्फेक्शन झालं, हुडहुडी भरून ताप यायचा, शेवटी लघवीचं कल्चर केलं, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी. तीन दिवसांनी रिपोर्ट आला तर ॲन्टिबायोटिकची, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधांची, ही मोठी यादी आणि जवळपास प्रत्येकापुढं आर, आर, आर. आर म्हणजे रेझिस्टंट, ते औषध त्या जंतूला लागूच होत नाही. एस, म्हणजे लागू होणारं, फक्त खालच्या तीन नावांपुढं होतं अन् तिन्ही इंजेक्शनं. मी म्हणलं आई तर कधी दवाखान्याची पायरी चढत नाही, तर डॉक्टर म्हणले, मेडिकलची चढते ना.

खरंय ते. घसा धरला की ॲन्टिबायोटिकच्या दोन गोळ्या, जुलाब लागले की दोन, पाकिटातून कात्रीनं कापून, चिठ्ठी कुणी विचारत नाही. सर्दी तर व्हायरसची, तिच्यावर ॲन्टिबायोटिक चालतच नाही, पण पोटातल्या जंतूंवर चालतं. कच्चे मरतात अन् ज्यांच्यात आधीच काही बदल झालेला असतो ते उरतात. चांगलं पोषण मिळालं तर ई-कोलाय हा आतड्यातला जंतू वीस मिनिटात दुप्पट होतो, म्हणजे रान मोकळं झालं की उरलेल्यांचंच पीक.

अन् हे एकाच जंतूत राहत नाही हो, मला हेच माहीत नव्हतं. प्लाझमिड नावाची डीएनएची बारीक कडी असते, तिची नक्कल एक जंतू दुसऱ्याला देतो, दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा, आणि एकाच कडीवर चार-पाच औषधांचा तोड असू शकतो. म्हणजे गोळी शेजाऱ्यानं खाल्ली तरी ते हातातून, पाण्यातून आपल्या घरात येऊ शकतं. म्हशीला दगडी झाली की कासेत ट्यूब सोडतो आपण, ते पण ॲन्टिबायोटिकच, आणि दूध मात्र दुसऱ्याच दिवशी डेअरीला.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं 1945 च्या नोबेल भाषणातच सांगितलं होतं की हे औषध दुकानात कुणालाही मिळायला लागलं तर लोक कमी डोस घेतील आणि जंतू निर्ढावतील. आपल्याकडं कायदाबी आहे, 2014 पासून शेड्यूल एच-वन, सेफिक्झिमसारखी गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, डॉक्टरचं अन् पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं ठेवायचं. अन्न व औषध प्रशासनानं तालुक्यातल्या, खेड्यातल्या मेडिकलवर येऊन ते रजिस्टर एकदा उघडून बघावं, एवढीच विनंती.

आईला सात दिवस सकाळ-संध्याकाळ सुई घ्यावी लागली, हात अजून काळानिळा आहे.

आपला एक वाचक