स्ट्रेंथ कोच: भरलेल्या बारपलीकडचे काम

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

करिअर पुरवण्यांत स्ट्रेंथ कोचच्या, म्हणजे खेळाडूंची ताकद वाढवणाऱ्या प्रशिक्षकाच्या, कामाविषयी हल्ली वरचेवर छापून येते. फोटो मात्र ठरलेला: दणकट माणूस आणि वजनाच्या प्लेटांनी गच्च भरलेला लोखंडी बार. वाचणाऱ्या मुलामुलींना वाटते, स्वतःला भरपूर वजन उचलता आले की झाले. अव्वल खेळाडूंबरोबर काम करताना खरी कसोटी लागते ती हात कुठे आखडता घ्यायचा, हे ठरवताना.

हंगाम सुरू झाला की आठवड्याला एक-दोनच सत्रे मिळतात, तीही प्रवास आणि सामने सांभाळून. इथे नवखा कोच हमखास चुकतो. खेळाडू दमलाय म्हणून वजन उतरवतो आणि रेप, म्हणजे एका दमात वजन उचलण्याची संख्या, वाढवतो. करायचे असते नेमके उलट: वजन कमाल क्षमतेच्या ८० ते ८५ टक्क्यांवर कायम, सेट (विश्रांती घेत केलेल्या फेऱ्या) दोन-तीन, प्रत्येकात रेप तीन-चार. ताकद टिकते ती वजनामुळे, पाय जड होतात ते रेपच्या एकूण संख्येमुळे. सामन्याच्या तोंडावर नवा व्यायाम तर नकोच, विशेषतः उचललेले वजन सावकाश खाली आणण्याचा. त्याने अंग सर्वांत जास्त दुखते ते २४ ते ७२ तासांनी, म्हणजे ऐन सामन्यात.

धोक्याचा काळ सुट्टीनंतरचा. अमेरिकेतल्या स्ट्रेंथ कोचच्या दोन संघटनांनी २०१९ मध्ये यासाठी साधा हिशेब दिला: नेहमीच्या भारातून पहिल्या आठवड्यात ५० टक्के कपात, मग ३०, २० आणि चौथ्या आठवड्यात १०. तरीही पहिल्याच दिवशी ‘रग जिरवण्याचा’ प्रकार चालतो. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर बर्फ-मालिश करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. शिक्षा म्हणून व्यायाम देणारा माणूस या पेशात नसलेलाच बरा.

आता परीक्षांबद्दल. सीएससीएस या स्ट्रेंथ कोचसाठीच्या अमेरिकी प्रमाणपत्रासाठी पदवी आणि सीपीआरचे चालू प्रमाणपत्र लागते; पेपरचे दोन भाग, शास्त्र आणि प्रत्यक्ष वापर. पण २४ खेळाडू, ६ रॅक (बार टेकवायच्या चौकटी) आणि ४५ मिनिटे यांचे गणित सोडवायला मैदानातच शिकावे लागते. एका रॅकवर चौघे. प्रत्येकाचा सेट प्लेट बदलण्यासकट ४५ सेकंदांचा धरला, तर तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते आणि विश्रांती आपोआप मिळते. मात्र बुटका-उंच एकत्र लावले, की दर सेटला बारचे हुक वरखाली करण्यात वेळ जातो आणि शेवटचा व्यायाम राहतो. तो बहुतेक वेळा मांडीच्या मागच्या स्नायूंचाच असतो, आणि वेगवान धावण्यात नेमके तेच दगा देतात! म्हणून चौकडी उंची आणि ताकद पाहून पाडावी, आणि हा व्यायाम सत्राच्या शेवटी न ठेवता आधीच उरकावा.

नोकरीची बाजूही उघड सांगायला हवी. सुरुवात अनेकदा बिनपगारी उमेदवारीने होते. पुढे करार मिळाला तरी बऱ्याच संघांत मुख्य प्रशिक्षक बदलला की त्याने आणलेली माणसेही जातात, मग खेळाडूंची ताकद कितीही वाढलेली असो. पुढच्या पुरवणीत पगाराच्या आकड्याशेजारी कराराची मुदत आणि उमेदवारीचा काळ छापावा, ही विनंती.

आपला,
एक स्ट्रेंथ प्रशिक्षक