पांढरा धूर वाचायला शिकवणाऱ्या पंपवाल्या काकांना

पंपवाले काका,
सप्रेम नमस्कार.

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत जुना सहा सिलेंडरचा मालट्रक पांढरा धूर ओकत आला, की बघणारे चार जण लगेच सांगतात, ‘हेड पॅकिंग (सिलेंडरांवरच्या झाकणाखालची सीलबंद पट्टी) गेलं, हेड उतरवा.’ तुम्ही आधी विचारता, ‘धूर गार इंजिनवर येतो, की गरम झाल्यावरही?’ तुमच्या या एका प्रश्नानं किती मालकांचा हकनाक खर्च वाचला असेल! डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीच्या पंपरूममध्ये लोक या विद्येला कुलूप लावून ठेवतात. तुम्ही मात्र विचारेल त्याला सगळं सांगितलंत. म्हणून हे आभाराचं पत्र. तुम्ही शिकवलेलं इथं मांडतो आहोत, म्हणजे दुसऱ्यांच्याही कामी येईल. चुकलं असेल तिथं कान धरा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. साधारण 17 ला 1 या प्रमाणात दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. हवा तेवढी तापली नाही, किंवा डिझेल उशिरा किंवा जाड थेंबांत पडलं, की ते न जळता वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर येतं. हा धूर डोळ्यांना झोंबतो, कच्च्या डिझेलचा वास मारतो आणि गाडीमागे लोंबकळत राहतो. दुसरा धूर पाण्याच्या वाफेचा. तो डोळ्यांना लागत नाही, लवकर विरतो, आणि इंजिन गार ठेवणारं कुलंट जळत असेल तर वास गोडसर येतो. नाकावर भरवसा नसेल तर तुमची स्टीलच्या थाळीची युक्ती आहेच. गार थाळी धुरात क्षणभर धरायची. स्वच्छ पाण्याचे थेंब जमले तर वाफ, बोटाला तेलकट तवंग लागला तर डिझेल. निळसर धूर म्हणजे ऑइल, तो वेगळा विषय.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा सेल्फ मारल्यावर मिनिट-दोन मिनिटं पांढरं दिसलं तर ते दुखणं नव्हे. गेजचा काटा 70 अंशांपुढे गेल्यावरही धूर राहिला, तर शोध सुरू. पण काटा तिथवर जातच नसेल तर आधी थर्मोस्टॅट (गार इंजिनात पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) बघायचा. खंबाटकी घाटात इंजिन तापू नये म्हणून तो काढून फेकण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. मग उतारावर इंजिन गार पडतं, डिझेल अर्धवट जळतं आणि दोष सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या बिचाऱ्या नोझलवर येतो.

आता मुख्य काम. धूर एका सिलेंडरचा आहे की सगळ्यांचा, हे ठरवायचं. इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलकडच्या हाय-प्रेशर पाइपचं नट अर्धा फेरा ढिलं करायचं. चांगल्या सिलेंडरचं नट ढिलं केलं की आवाज बदलतो, इंजिन लंगडतं. ज्याच्या नटानं आवाजात फरक पडत नाही, उलट धूर कमी होतो, तो गुन्हेगार. नट लगेच परत कसायचं. हे फक्त जुन्या इनलाइन पंपाच्या (प्रत्येक सिलेंडरला वेगळा पाइप देणाऱ्या) गाडीवर करायचं. कॉमन रेलच्या (एका सामाईक नळीत प्रचंड दाबानं डिझेल साठवणाऱ्या) गाडीला असा पाना लावणं म्हणजे जिवाशी खेळ. जुन्या गाडीवरसुद्धा डोळ्यांवर चष्मा हवा आणि बोट धारेच्या वाटेत नको. दाबातलं डिझेल कातडी फोडून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठायचा, हे तुम्ही दर वेळी बजावता. कुणाला ही पद्धत नको असेल तर इन्फ्रारेड गननं एक्झॉस्ट मॅनिफोल्डची सहाही तोंडं तपासावीत; आजारी सिलेंडरचं तोंड बाकीच्यांपेक्षा गार दिसतं.

एकच सिलेंडर सापडला तर त्याचं नोझल काढून टेस्टरवर लावायचं. दाब इंजिनच्या पुस्तकाप्रमाणे. बऱ्याच जुन्या इंजिनांना तो 200 ते 250 किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) दरम्यान असतो. नुसता दाब बरोबर येऊन भागत नाही. फवारा सारखा हवा आणि दाब थोडा खाली धरला असताना टोक कोरडं राहायला हवं. ठिबकणारं नोझल हे पांढऱ्या धुराचं नेहमीचं कारण. परत बसवताना कॉपर वॉशर नवा, आणि एकच. जुना वॉशर सीटवर चिकटून राहतो, त्यावर दुसरा बसला की नोझल वर उचललं जातं, फवारा भलत्याच जागी पडतो आणि नवं नोझल टाकूनही धूर तसाच. नोझल निर्दोष निघालं तर टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली जागा) बघायची. फट कमी असेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. कॉम्प्रेशन गेज लावलं तर एकट्या आकड्याला भुलू नये. एक सिलेंडर बाकीच्यांपेक्षा 3 किलोहून जास्त खाली असेल तर व्हॉल्व्ह, रिंगा किंवा हेड पॅकिंग बघावं लागतं.

सहाही सिलेंडर धुरात असतील आणि गाडी चढावर दम धरत नसेल, तर डिझेलमध्ये शिरलेली हवा किंवा टायमिंग, म्हणजे पंपानं डिझेल सोडण्याची वेळ. हवेचा शोध स्वस्त, म्हणून तो आधी. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे दिसतात. टाकी ते फीड पंप ही ओढीची बाजू असल्यानं तिथल्या गळतीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळी कोरडी दिसते आणि माणूस फसतो. क्लिपा आणि बँजोचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर बदलायचे, फिल्टरखालचं पाणी सोडायचं आणि हँडपंप मारून एअर काढायची.

टायमिंगसाठी पंपावरचा पहिल्या सिलेंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (डिझेल पाइपात सोडणारी झडप) आणि स्प्रिंग काढून होल्डर परत बसवायचा, वाकडी नळी लावायची, रॅक (डिझेलचं प्रमाण ठरवणारी पंपातली पट्टी) पूर्ण डिझेलच्या जागी धरायचा आणि हँडपंप मारत फ्लायव्हील हळूहळू इंजिनच्या दिशेनं आणायचं. धार तुटून थेंबांवर आली, तिथं फ्लायव्हीलवरची खूण वाचायची. खूण पुढे गेली तर थोडं मागे येऊन जुळवायचं नाही; गिअरचा ढिलेपणा मापात शिरतो. चांगलं मागे नेऊन पुन्हा आणायचं. टायमिंग उशिरा असेल तर पंप त्याच्या शाफ्टच्या उलट दिशेला फिरवायचा. त्याआधी कपलिंगचे बोल्ट हातानं हलवून बघावेत. तेच सरकलेले असतील तर आज लावलेलं टायमिंग चार दिवसांत परत जाईल.

थाळीनं पाणी दाखवलं, तरच हेडकडे वळायचं. गार इंजिनावर रेडिएटरचं टोपण उघडून पाणी गळ्यापर्यंत भरायचं आणि इंजिन चालू करायचं. बुडबुडे थांबतच नसतील तर सिलेंडरचा गॅस पाण्यात शिरतो आहे. गरम रेडिएटरचं टोपण कधीच उघडायचं नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या ऑइल चेंबरचा खालचा नट सकाळी सेल्फ मारण्याआधी जरासा सैल केला, तर तळाला बसलेलं पाणी ऑइलच्या आधी येतं. तिथं लायनरच्या (सिलेंडरच्या आतल्या नळकांड्याच्या) ओ-रिंगाही संशयित, एकटं पॅकिंग नव्हे.

आणि ज्या गाडीचं कुलंट रोज घटतं, तिला सकाळी सेल्फ मारू नका, ही तुमची ताकीद. सिलेंडरमध्ये उतरलेलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सहाही नोझल काढून इंजिन पहारीनं दोन पूर्ण फेरे फिरवायचं. ज्या भोकातून पाणी उडेल, तोच सिलेंडर. रॉडही वाचतो आणि रोगही कळतो. काका, या एका गोष्टीसाठी तुमचे वेगळे, मनापासून आभार.

आपले,
पुण्यातले मालट्रकचे चालक, मालक आणि फिटर