पेंटरकाकांस पत्र : ही अक्षरे कशाने झिजली?

आदरणीय पेंटरकाका यांस,
सादर नमस्कार.

आमच्या वाचनमंदिराच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ काल छापून आले. त्यावरील जुनाट अक्षरांचे कौतुक झाले, परंतु त्याचे श्रेय आपले आहे, हे सर्वांना कळावे म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी फोटोशॉपमधील तयार ग्रंज ब्रश (झिजल्यासारखे डाग उमटवणारा ब्रश) घेऊन संपूर्ण नावावर सारखेच शिंतोडे उडवले होते. ते पाहून आपण एवढेच विचारलेत, “ही अक्षरे कशाने झिजली?” मला उत्तर देता आले नाही. तेव्हा आपण वाचनमंदिराच्या माळ्यावरची पत्र्याची मूळ पाटी खाली उतरवायला लावलीत आणि तिच्यावरून बोट फिरवत दाखवलेत, की गंज चार खिळ्यांपासून सुरू होऊन खाली ओघळला आहे, पागोळ्यांचे पाणी लागणाऱ्या खालच्या कडेचे पोपडे गेले आहेत आणि वळचणीखालचा वरचा भाग मात्र जवळजवळ शाबूत आहे. झिजेला कारण असते आणि ते कारण अक्षरांत दिसले पाहिजे, ही गोष्ट त्या संध्याकाळी माझ्या मनात पक्की बसली.

पुढचे काम आपण शेजारी बसून करवून घेतलेत. अक्षरे खोडायची नाहीत, त्यांच्यावर लेयर मास्क, म्हणजे अक्षरांच्या थरावरचा झाकणारा पडदा, लावायचा. मास्कमधला काळा रंग अक्षर झाकतो आणि पांढरा ते दाखवतो, त्यामुळे चूक झाली तरी मूळ मजकूर सुरक्षित राहतो. उन्हे तिरपी असताना मोबाइलवर काढलेले जुन्या भिंतीचे छायाचित्र आपण कृष्णधवल करून मास्कमध्ये उतरवलेत आणि लेव्हल्सने (काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवण्याच्या सोयीने) त्यातला करडेपणा काढून टाकलात. त्यानंतर लेयर आणि मास्क यांच्यामधली साखळी सोडवून छायाचित्रातल्या भिंतीची भेग अक्षरांखालून हळूहळू सरकवत योग्य जागी आणलीत. साखळीचे ते लहानसे चिन्ह मी अनेक वर्षे नुसतेच पाहत आलो होतो.

मला सर्वांत मोलाची वाटली ती आपली देवनागरीविषयीची काळजी. ‘मंदिर’ या शब्दातील ‘म’च्या डोक्यावरची शिरोरेषा डावीकडे तुटली होती आणि तिथे ‘भ’चा भास होत होता, ‘घ’ आणि ‘ध’ यांचेही तसेच होते, असे आपण सांगितलेत. अनुस्वाराचा टिंब तर अर्धा गळालाच होता. आपण मऊ पांढरा ब्रश घेऊन मास्कवर तेवढ्याच दोन जागा भरून काढल्यात आणि झीज ‘च’च्या पोटाशी व कान्याच्या खालच्या टोकाला जाऊ दिलीत, कारण तिथे अक्षर कितीही खाल्ले गेले तरी वाचता येते. तयार ब्रशांच्या संचांत हा विवेक कुठून असणार?

छपाईचा मुद्दाही आपण वेळेवर काढलात. 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) एक पिक्सेल मिलिमीटरच्या जेमतेम बाराव्या भागाएवढा असतो. एवढे बारीक पांढरे ठिपके शाई पसरून बुजतात आणि अक्षर नुसते मळकट दिसते. म्हणून किंचित ब्लर (धूसरपणा) देऊन पुन्हा लेव्हल्स आवळायला लावलेत. त्यामुळे बारीक कचरा गेला, मोठे पोपडे राहिले आणि कडाही हाताने रंगवल्यासारख्या गोलसर झाल्या.

दोन संध्याकाळी आपण माझ्यासाठी दिल्यात आणि चहाखेरीज काही घेतले नाहीत. मुखपृष्ठाच्या दोन प्रती सोबत पाठवत आहे. डावीकडच्या खालच्या खिळ्याचा ओघळ मी आपल्या सांगण्याप्रमाणे ‘र’च्या पायापाशी थांबवला आहे, तो तिथे बरोबर वाटतो का, हे अवश्य कळवावे.

आपला कृतज्ञ,
वाचनमंदिराचा एक कार्यकर्ता