पाचटाच्या राखेचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गळीत हंगाम सुरू झाला की कृष्णाकाठी दिवस मावळताना तुटलेल्या फडांतून धुराचे लोट उठू लागतात. पाचट, म्हणजे ऊस तोडल्यावर रानात उरलेला वाळलेला पाला, का पेटवले, असे विचारल्यास ‘राख म्हणजे खतच की’ हे उत्तर ठरलेले असते. ते निम्मेच खरे आहे. पालाश (पोटॅश) आणि स्फुरद (फॉस्फरस) बऱ्याच अंशी राखेत उरतात, परंतु नत्राचा (नायट्रोजनचा) बहुतेक भाग आणि जवळपास सगळा सेंद्रिय कर्ब (कार्बन) धुराबरोबर निघून जातो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते आणि त्यातील नत्र सुमारे 40 किलो, म्हणजे जवळपास दोन पोती युरियाइतके भरते.

साखरेच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांखेरीज काहीही नसते. पोत्यात भरून आपण विकतो ती हवा, पाणी आणि त्यांत साठलेले ऊन. हे ऊन एकदा खर्ची पडले की परत येत नाही, पण पुढच्या हंगामाला सूर्य ते नव्याने देतो. नत्र, स्फुरद, पालाश यांची मात्र अशी रोजची आवक नाही. ती त्याच मातीत फिरत राहिली तरच पुरतात. पाचटातील जी ऊर्जा काडी लावताच घटकाभरात संपते, तिच्यावरच जिवाणू, बुरशी आणि गांडुळे कित्येक महिने जगतात आणि अन्नद्रव्ये मोकळी करून पुन्हा मुळांपाशी आणतात.

शेतकऱ्याची अडचणही खोटी नाही. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे असल्याने ते कुजवताना जिवाणू आधी जमिनीतलेच नत्र उचलतात, खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, पिवळा पडतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा काडी हातात येते. पाचटाची कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, करून वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकल्यास हा पिवळेपणा टळतो. मात्र कुट्टीचे यंत्र वेळेवर मिळणे हा आमच्याकडे नशिबाचा भाग आहे. ऊसतोडीच्या कार्यक्रमातच कारखान्यांनी कुट्टीची सोय जोडावी, अशी माझी विनंती आहे.

उसाबरोबर कारखान्यात गेलेल्या अन्नद्रव्यांचा काही भाग, विशेषतः स्फुरद, प्रेसमडमध्ये, म्हणजे रस स्वच्छ करताना निघणाऱ्या चिखलासारख्या पदार्थात, उतरतो. त्यापासून आता बायोगॅस तयार होऊ लागला आहे, त्याला माझा विरोध नाही. गॅस काढून घेतल्यावरही नत्र, स्फुरद मागे राहिलेल्या गाळातच असतात. तो गाळ सभासदांच्या शेतात रास्त दरात परत यावा.

आपला नम्र,
एक ऊस उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली